धावपटूंच्या पावलांच्या व घोट्यांच्या दुखापती : प्रतिबंध व उपचार यांचा इतिहास

धावताना पाऊल, टाच, घोट्याचा सांधा व पोटरीची कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरीसारखी रचना) यांना होणाऱ्या इजा, त्या टाळण्याचे उपाय आणि त्यांवरील उपचार यांचा विचार अस्थिव्यंगचिकित्सा, क्रीडावैद्यक व भौतिकी चिकित्सा या तिन्ही शाखांत केला जातो. या दुखापतींचे दोन वर्ग पडतात. पाय मुरगळणे, बंध तुटणे, हाड मोडणे किंवा कंडरा तुटणे या दुखापती एका क्षणी घडतात, म्हणून त्या आकस्मिक होत. कंडरेचे जुनाट दुखणे, टाचेचे दुखणे व श्रमजन्य अस्थिभंग (वारंवार पडणाऱ्या ताणाने हाडाला जाणारी बारीक चीर) ही दुखणी हळूहळू वाढतात. त्यांना अतिवापरजन्य दुखापती म्हणतात. पहिल्या वर्गाचा इतिहास फार जुना आहे, तर दुसरा वर्ग स्वतंत्रपणे ओळखला जाण्यास एकोणिसावे शतक उजाडावे लागले. दोहोंच्या उपचारांत एकच प्रश्न पुन:पुन्हा उभा राहिलेला दिसतो. दुखावलेल्या पायाला विश्रांती किती द्यावी आणि त्याच्यावर भार केव्हा टाकावा, हा तो प्रश्न होय.

शारीर : मानवी पावलात २६ हाडे असून ती बंधांनी एकमेकांस जखडलेली असतात. त्यांच्या मांडणीतून पावलाला कमान येते. तळव्याची जाड प्रावरणी टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळांपर्यंत पसरलेली असते व ती या कमानीला धनुष्याच्या दोरीप्रमाणे ताणून धरते. पोटरीचे स्नायू एकत्र येऊन बनलेली पार्ष्णी कंडरा टाचेच्या हाडाला चिकटते. ही शरीरातील सर्वांत जाड व बळकट कंडरा होय. घोट्याची बाहेरची बाजू तीन बंधांनी सावरलेली असते. पाऊल आत वळून मुरगळले, तर त्यांतील पुढचा बंध बहुधा प्रथम तुटतो. धावताना प्रत्येक पावलागणिक जमिनीकडून शरीराच्या वजनाच्या सु. दोन ते तीन पट प्रतिबल पायावर येते आणि कंडरेवरील ताण त्याहूनही कितीतरी अधिक असतो. मॅराथॉन शर्यतीच्या ४२·१९५ किमी. अंतरात सामान्य धावपटू सु. ३५ ते ४० हजार पावले टाकतो. एका पावलाचा ताण हाडाला वा कंडरेला सहज पेलतो. परंतु तोच ताण हजारो वेळा पडला आणि मधल्या काळात ऊतकाला (पेशीसमूहाला) स्वत:ची डागडुजी करण्यास अवसर मिळाला नाही, तर दुखापत होते. अतिवापरजन्य दुखापतींचे मर्म यातच आहे. [⟶ अस्थिभंग].

प्राचीन काळ : सुश्रुतसंहितेत अस्थिभंग व संधिभ्रंश यांच्या निदानाचा व चिकित्सेचा स्वतंत्र विचार केलेला आहे. मोडलेला भाग ताणून जागेवर बसविणे आणि वड, उंबर, पिंपळ, पळस, अर्जुन, वेळू इत्यादींच्या सालींच्या वा कांबींच्या पट्ट्या बांधून तो स्थिर ठेवणे, ही पद्धत त्यात सांगितली आहे. १०७ मर्मांपैकी गुल्फ म्हणजे घोटा हे मर्म इजा झाल्यास वेदना उत्पन्न करणाऱ्या, म्हणजे रुजाकर, मर्मांत गणले आहे. पाऊल वाकडे वा विषम जागी पडल्याने घोट्याच्या ठिकाणी उद्भवणाऱ्या दुखण्यास त्यात ‘वातकंटक’ अशी संज्ञा आहे. चालण्याच्या वा धावण्याच्या चुकीच्या पावलाचा व दुखण्याचा कार्यकारणसंबंध येथे स्पष्टपणे मांडलेला दिसतो.

ग्रीसमध्ये धावण्याची शर्यत ही ऑलिंपिया येथील सर्वांत जुनी स्पर्धा होती व स्पर्धक अनवाणी धावत. हिपॉक्राटीझ यांच्या नावावर असलेल्या ग्रंथसंग्रहात अस्थिभंग व सांधे यांवर स्वतंत्र ग्रंथ आहेत. उंचावरून उडी मारून टाचेवर पडल्याने होणाऱ्या इजेचे व तीवरील पट्टबंधनाचे वर्णन त्यांत येते. पार्ष्णी कंडरेच्या जखमा मात्र त्या काळी प्राणघातक समजल्या जात. जंतुसंसर्गाची कल्पना नसलेल्या काळात उघड्या जखमेपुरते हे मत निराधार नव्हते. इ. स. दुसऱ्या शतकात गेलेन यांनी पेर्गामम येथे ग्लॅडिएटरांवर उपचार करून कंडरांच्या जखमांचा मोठा अनुभव मिळविला. मात्र या सर्व उपचारांचा रोख युद्धात, अपघातात वा आखाड्यात झालेल्या जखमांवर होता. धावण्याच्या सरावानेच पाय दुखावतो, हे वेगळे दुखणे म्हणून कोणी नोंदविलेले दिसत नाही.

सोळावे ते अठरावे शतक : फ्रेंच शस्त्रक्रियाविज्ञ आंब्र्वाझ पारे (१५१०–९०) यांनी त्वचा न फाटता पार्ष्णी कंडरा तुटू शकते, हे प्रथम नोंदविले असे मानतात. फ्लेमिश शारीरविज्ञ फिलिप व्हरहेयन यांनी १६९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शारीरावरील ग्रंथात या कंडरेला अकिलीझ या ग्रीक वीराचे नाव दिले व तेच पुढे रूढ झाले. अकिलीझची टाच तेवढी अभेद्य नव्हती, ही कथा होमरच्या महाकाव्यात आढळत नाही. ती उत्तरकालीन आहे.

स्कॉटिश शस्त्रक्रियाविज्ञ जॉन हंटर (१७२८–९३) यांची पार्ष्णी कंडरा १७६७ च्या सुमारास नाचताना तुटली. त्यांनी अंथरूण धरण्याऐवजी टाच उंच ठेवून पाय बांधला व हिंडणे-फिरणे चालू ठेवले. पुढे कुत्र्यांच्या कंडरा कापून त्या कशा सांधतात, याचेही त्यांनी निरीक्षण केले. तुटलेली टोके जवळ आणून ठेवल्यास कंडरा शस्त्रक्रियेवाचून सांधते, हा त्यांचा निष्कर्ष होता. या प्रश्नावरील वाद पुढे दोन शतकांहून अधिक काळ चालला. हंटर यांचे समकालीन पर्सिव्हल पॉट (१७१४–८८) यांनी १७६८ मध्ये घोट्याजवळील अस्थिभंगाचे वर्णन केले. स्नायू सैल पडतील अशा स्थितीत पाय ठेवला, तर हाड जागेवर बसविणे सोपे जाते, हा त्यांचा सिद्धांत होता.

एकोणिसावे शतक : अतिवापरजन्य दुखापतींचा शोध धावपटूंवरून लागला नाही, तो सैनिकांवरून लागला. प्रशियाचे लष्करी वैद्य ब्राइटहाउप्ट यांनी लांब कूच केल्यावर शिपायांच्या पावलांवर येणाऱ्या वेदनायुक्त सुजेचे वर्णन १८५५ मध्ये केले. सूज येण्यास मार लागणे वा ठेच लागणे यांसारखे कोणतेही निमित्त सापडत नसल्याने ती कंडरांची किंवा सांध्यांची असावी, असा समज होता. व्हिल्हेल्म राँटगेन यांनी १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लावला आणि १८९७ मध्ये श्टेखोव यांनी अशा पावलांची क्ष-किरण छायाचित्रे घेऊन पावलाच्या मधल्या लांब हाडांना, म्हणजे प्रपदास्थींना, चीर गेलेली असते हे दाखविले. ‘कूच अस्थिभंग’ हे नाव त्यावरून पडले. अपघात न होताही हाड मोडते, ही कल्पना या शोधाने रुजविली. आरंभीच्या छायाचित्रांत चीर दिसत नाही व दोनतीन आठवड्यांनी हाड भरून येऊ लागल्यावर ती ध्यानात येते, हेही हळूहळू समजले. ‘छायाचित्र स्वच्छ आहे, म्हणजे दुखणे खोटे आहे’ असा निष्कर्ष काढल्यामुळे अनेक शिपायांना आणि पुढे अनेक धावपटूंना कामचुकार ठरविले गेले असावे, हे उघड आहे. [⟶ क्ष-किरण].

उपचारांच्या बाबतीत या शतकावर विश्रांतीचा पगडा होता. डच लष्करी शस्त्रक्रियाविज्ञ आंटोनियस मॅथेसन यांनी १८५०–६० या दशकाच्या प्रारंभी प्लॅस्टर ऑफ पॅरिसची पट्टी प्रचारात आणली आणि मोडलेला अवयव आठवडेच्या आठवडे निश्चल ठेवणे सुलभ झाले. लिव्हरपूल येथील ह्यू ओएन टॉमस (१८३४–९१) यांनी अखंड व प्रदीर्घ विश्रांती हे अस्थिचिकित्सेचे सूत्रच बनविले. याच्या उलट न्यूयॉर्क येथील व्हर्जिल गिबनी यांनी १८९५ मध्ये मुरगळलेल्या घोट्यावर चिकटपट्ट्यांचे एकमेकींवर येणारे थर बसवून रोग्याला लगेच चालू देण्याची पद्धत प्रसिद्ध केली. ‘गिबनी पट्टबंधन’ या नावाने ती ओळखली जाते. आज खेळाडूंच्या घोट्याला सामन्यापूर्वी चिकटपट्टी बांधतात, त्या प्रथेचे मूळ येथे आहे. टॉमस यांचे भाचे व शिष्य रॉबर्ट जोन्स (१८५७–१९३३) यांनी १९०२ मध्ये पाचव्या प्रपदास्थीच्या बुडाशी होणाऱ्या अस्थिभंगाचे वर्णन केले. त्यांनी दिलेल्या उदाहरणांत त्यांचे स्वत:चेही होते. नाचताना त्यांचे हे हाड मोडले होते. हाडाच्या या भागाचा रक्तपुरवठा बेताचा असल्याने हा अस्थिभंग उशिरा सांधतो व म्हणून धावपटूंच्या बाबतीत त्याला विशेष महत्त्व आहे.

धावण्याचा जोडा व अनवाणी पाऊल : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये खिळ्यांचे चामडी जोडे धावपटू वापरू लागले. बोल्टन येथील जे. डब्ल्यू. फॉस्टर यांनी १८९५ पासून असे हलके जोडे बनविण्यास आरंभ केला. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १०० मी. शर्यत जिंकणारे हॅरल्ड एब्राहम्स यांनी त्यांचेच जोडे वापरले होते. खिळ्यांनी पकड मिळते व वेग वाढतो, एवढाच या जोड्यांचा हेतू होता. दुखापत टाळणे हा हेतू जोड्यांना फार पुढे चिकटला.

भारतात स्थिती निराळी होती. पुणे येथील डेक्कन जिमखान्याच्या १९१९ मधील क्रीडास्पर्धा सर दोराबजी टाटा यांनी पाहिल्या. त्यांतील लांब पल्ल्याच्या शर्यतीत बहुसंख्य स्पर्धक खेड्यांतील शेतकरी होते. ते शास्त्रशुद्ध शिक्षणाशिवाय आणि अनवाणी धावत होते. तरीही त्यांच्या वेळा यूरोपीय धावपटूंच्या तुलनेत कमी प्रतीच्या नव्हत्या. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांना १९२९ मध्ये लिहिलेल्या पत्रात टाटा यांनी या प्रसंगाचा उल्लेख केला आहे. त्यातूनच १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकसाठी भारतीय पथक पाठविण्यात आले व त्यातील फडेप्पा दरेप्पा चौगुले हे मॅराथॉन शर्यतीत २ तास ५० मि. ४५ से. अशी वेळ देऊन एकोणिसावे आले. या धावपटूंचे अनवाणीपण ही त्यांच्या परिस्थितीची गोष्ट होती. त्यामागे कोणताही सिद्धांत नव्हता. पुढे १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये इथिओपियाचे अबेबे बिकिला यांनी मॅराथॉन अनवाणी जिंकली व १९६४ मध्ये टोकियो येथे जोडे घालून ती पुन्हा जिंकली. भारताचे शिवनाथ सिंग हे १९७६ च्या माँट्रिऑल ऑलिंपिकमध्ये अनवाणी धावून २ तास १६ मि. २२ से. अशा वेळेत अकरावे आले. जोड्यावाचून उत्तम धावता येते, हे या उदाहरणांवरून सिद्ध होते. परंतु अनवाणी धावल्याने दुखापती टळतात, हे त्यांवरून सिद्ध होत नाही, कारण विजेत्यांची पावले इतिहासात राहतात व दुखावून थांबलेल्यांची राहत नाहीत.

विसाव्या शतकाचा मध्य : १९२८ मध्ये स्वित्झर्लंडमधील सेंट मॉरिट्स येथे क्रीडावैद्यकाची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली व खेळाडूंच्या दुखापतींना स्वतंत्र अभ्यासविषयाचे स्वरूप येऊ लागले. इंग्लंडमध्ये मायकेल डेव्हस व रॉडनी स्वीटनॅम यांनी १९५६ मध्ये खेळाडूंतील बहिर्जंघास्थीच्या (पोटरीच्या बाहेरील बारीक हाडाच्या) श्रमजन्य अस्थिभंगाची ५० उदाहरणे प्रसिद्ध केली. या अस्थिभंगाची जागा बहुधा घोट्याच्या थोडी वर असते. डेव्हस यांनी १९५८ मध्ये नडगीच्या दुखण्याचाही असाच उलगडा केला. शिपायाचे म्हणून समजले जाणारे दुखणे धावपटूचेही असते, हे या लेखनामुळे मान्य झाले. १९७० मध्ये अमेरिकेत पावलाच्या नौकाकार अस्थीचा श्रमजन्य अस्थिभंग माणसात प्रथम वर्णिला गेला. तोपर्यंत तो शर्यतीच्या ग्रेहाउंड कुत्र्यांत माहीत होता.

घोट्याच्या बाबतीत दोन कार्ये महत्त्वाची ठरली. ब्रिटिश शस्त्रक्रियाविज्ञ एम्. ए. आर्. फ्रीमन यांनी सहकाऱ्यांसह १९६५ मध्ये असे प्रतिपादन केले की, मुरगळलेला घोटा पुन:पुन्हा दगा देतो, याचे कारण नेहमी बंधाचा सैलपणाच असते असे नाही. बंधांत व सांध्याच्या आवरणात असणारे संवेदी तंत्रिकातंतूही दुखावतात. त्यामुळे पाऊल कोणत्या स्थितीत आहे याची वर्दी मेंदूला वेळेवर मिळत नाही. त्यावर त्यांनी डोलणाऱ्या फळीवर तोल सांभाळण्याचे व्यायाम सुचविले. स्वीडनमधील लेनार्ट ब्रूस्ट्रम यांनी १९६६ मध्ये तुटलेला बंध पुन्हा त्याच जागी शिवण्याची शस्त्रक्रिया वर्णिली. पूर्वीच्या शस्त्रक्रियांत घोट्याजवळची दुसरी कंडरा खर्ची घालून नवा बंध तयार करीत. ब्रूस्ट्रम यांच्या पद्धतीत ते टळले. थोड्या फेरफाराने ही पद्धत आजही वापरली जाते.

याच काळात कॉर्टिसोन गटातील औषधांच्या अंतःक्षेपणाचा (इंजेक्शनाचा) सुळसुळाट झाला. वेदना त्वरित शमत असल्याने शर्यतीच्या तोंडावर दुखऱ्या कंडरेत हे औषध टोचले जाई. अंतःक्षेपणानंतर पार्ष्णी कंडरा तुटल्याची उदाहरणे प्रसिद्ध होऊ लागली, तेव्हा हा उपचार प्रत्यक्ष कंडरेत करू नये, असे मत स्थिरावले. दुखणे थांबणे म्हणजे बरे होणे नव्हे, हा धडा धावपटूंनी किंमत देऊन घेतला.

धावण्याची लाट (१९७०–९०) : न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांनी चालविलेली सावकाश धावण्याची पद्धत अमेरिकन प्रशिक्षक बिल बॉवरमन यांनी १९६२–६३ मध्ये प्रत्यक्ष पाहिली व स्वदेशी तिचा प्रसार केला. १९७२ च्या म्यूनिक ऑलिंपिकमध्ये फ्रँक शॉर्टर यांनी मॅराथॉन जिंकल्यावर अमेरिकेत सामान्य नागरिक मोठ्या संख्येने धावू लागले. न्यूयॉर्क मॅराथॉनच्या १९७० मधील पहिल्या शर्यतीत १२७ जणांनी धाव सुरू केली होती व त्यांपैकी ५५ जणांनी ती पूर्ण केली. पुढील दशकात ही संख्या हजारांवर गेली. त्याबरोबर दवाखान्यांत नवा रोगी दिसू लागला. तो पट्टीचा खेळाडू नव्हता आणि शिपाईही नव्हता. बैठे काम करणारा हा मध्यमवयीन मनुष्य एकाएकी आठवड्याला पन्नाससाठ किमी. धावू लागलेला असे.

ऑरेगन येथील स्टॅन जेम्स, बॅरी बेट्स व लुइस ऑस्टर्निग यांनी १९७८ मध्ये धावपटूंच्या दुखापतींचे विश्लेषण केले. त्यांत बहुसंख्य दुखापतींचे मूळ सरावातील चुकांत, म्हणजे अंतर वा वेग एकाएकी वाढविण्यात, आढळले. व्हँकूव्हर येथील क्लेमेंट, टाँटन व सहकारी यांनी १९८१ मध्ये १,६५० रोग्यांच्या १,८१९ दुखापतींचे वर्गीकरण प्रसिद्ध केले. गुडघा हे सर्वांत अधिक दुखावणारे ठिकाण असले, तरी पार्ष्णी कंडरा व तळव्याची प्रावरणी यांचे विकारही ठळक संख्येने आढळले. १९७१ पासून किरणोत्सर्गी टेक्नेशियमाच्या संयुगांनी अस्थिचित्रण करणे शक्य झाले व श्रमजन्य अस्थिभंग छायाचित्रात दिसण्यापूर्वीच ओळखता येऊ लागला. पुढे चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमादर्शनाने ही जागा घेतली.

जोड्यांत याच काळी मोठे बदल झाले. एथिलीन व्हायनिल ॲसिटेट या हलक्या फेसाळ पदार्थाचे मधले तळ १९७५ च्या सुमारास प्रचारात आले. टाच रुंद व उंच झाली आणि पाऊल आत कलू नये म्हणून तळाला आतील बाजूस पाचर बसविण्यात येऊ लागली. मर्टन रूट व सहकारी यांनी पावलाच्या ‘सम’ स्थितीची जी कल्पना मांडली होती, तिचा या रचनांवर प्रभाव होता. पाऊल अधिक आत कलणे हे दुखापतीचे कारण, म्हणून ते रोखणारा जोडा किंवा साचेबंद तळवा हा उपाय, असे समीकरण बनले व ते दुकानांतूनही सांगितले जाऊ लागले. उपचाराच्या बाजूने गेब मर्किन यांनी १९७८ मधील आपल्या पुस्तकात विश्रांती, बर्फ, दाब व पाय उंच ठेवणे या चार गोष्टींचे सूत्र रूढ केले. मुरगळलेल्या घोट्यावर घरोघरी हाच उपाय होऊ लागला.

पडताळणीचा काळ : १९९० नंतर या समजुतींची नियंत्रित चाचण्यांद्वारे परीक्षा सुरू झाली व अनेक समजुती डळमळल्या. ऑस्ट्रेलियन सैन्यातील १,५३८ भरतीकरूंवर केलेल्या व २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत व्यायामापूर्वी स्नायू ताणून घेतल्याने दुखापती लक्षणीय प्रमाणात कमी झाल्या नाहीत. नेदर्लंड्समध्ये ५३२ नवशिक्या धावपटूंच्या चाचणीत (२००८) सरावाची वाढ तेरा आठवड्यांवर पसरली काय किंवा आठ आठवड्यांत केली काय, दोन्ही गटांतील सु. एकपंचमांश लोक दुखावलेच. अमेरिकन सैन्यात पावलाच्या कमानीनुसार जोडे वाटून पाहण्यात आले (२००९-१०), पण त्याचा लाभ दिसला नाही. डेन्मार्कमध्ये ९२७ नवशिक्या धावपटूंना वर्षभर एकाच प्रकारचे साधे जोडे दिले, तेव्हा आत कलणारी पावले इतरांहून अधिक दुखावल्याचे आढळले नाही (२०१४). याच्या उलट लक्सेंबर्ग येथील ३७२ धावपटूंच्या चाचणीत (२०१६) फार आत कलणाऱ्या पावलांना आधार देणाऱ्या जोड्यांचा उपयोग झाला. जोड्याविषयी सरसकट नियम करता येत नाही, एवढेच यावरून म्हणता येते.

अनवाणी धावण्याच्या पुरस्काराची लाट २००९-१० च्या सुमारास आली. हार्व्हर्ड विद्यापीठाचे डॅन्येल लीबरमन यांनी सहकाऱ्यांसह २०१० मध्ये असे दाखविले की, अनवाणी धावण्याची सवय असलेले लोक बहुधा पावलाच्या पुढच्या भागावर उतरतात व त्यामुळे जमिनीचा पहिला आघात सौम्य होतो. परंतु अत्यंत पातळ तळाच्या जोड्यांकडे दहा आठवड्यांत वळलेल्या धावपटूंपैकी निम्म्याहून अधिकांच्या पावलांच्या हाडांत ताणाच्या खुणा २०१३ मधील एका अभ्यासात आढळल्या. आघात नाहीसा होत नाही. तो गुडघ्याकडून पोटरीकडे व पावलाकडे सरकतो, असा त्याचा अर्थ होतो. २०१७ पासून जाड तळाचे व कार्बन तंतूंची पट्टी असलेले जोडे आले. जागतिक ॲथ्लेटिक्स संघटनेने २०२० मध्ये रस्त्यावरील शर्यतींसाठी त्यांच्या तळाची जाडी ४० मिमी. पर्यंत मर्यादित केली. असे जोडे वापरणाऱ्यांत नौकाकार अस्थीच्या ताणजन्य दुखापतीची काही उदाहरणे २०२३ मध्ये नोंदविली गेली आहेत.

उपचारांत सर्वांत मोठे परिवर्तन कंडरेच्या बाबतीत घडले. जुनाट दुखणाऱ्या कंडरेत शोथ (दाहयुक्त सूज) नसून तंतूंचा ऱ्हास असतो, हे सूक्ष्मदर्शकीय परीक्षणांतून दिसून आले. स्वीडनमधील ऊमेऑ येथील शस्त्रक्रियाविज्ञ होकान आल्फ्रेडसन यांना स्वत:लाच हे दुखणे होते. शस्त्रक्रिया करावी इतपत ते बिघडावे, या हेतूने त्यांनी दुखऱ्या पायावर मुद्दाम भार टाकण्यास सुरुवात केली. परंतु दुखणे बिघडण्याऐवजी बरे झाले. त्यावरून त्यांनी पायरीच्या कडेवर उभे राहून टाच सावकाश खाली नेण्याचा व्यायाम बसविला. दिवसाला १८० वेळा, वाढत्या वजनासह, बारा आठवडे असा त्याचा क्रम होता. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासातील १५ ही हौशी खेळाडू, ज्यांत बहुतेक धावपटू होते, पूर्ववत धावू लागले. तळव्याच्या प्रावरणीच्या दुखण्यातही शोथापेक्षा ऱ्हासच प्रमुख असतो, असे २००३ मध्ये दाखविण्यात आले. कंडरा पूर्ण तुटल्यास शस्त्रक्रिया करावी की नाही, या हंटरकालीन प्रश्नाला कॅनडातील १४४ रोग्यांच्या चाचणीने (२०१०) नवे वळण दिले. लवकर भार देऊन पद्धतशीर हालचाल सुरू केल्यास, शस्त्रक्रिया न केलेल्यांतही कंडरा पुन्हा तुटण्याचे प्रमाण जवळपास तेवढेच राहिले. मर्किन यांनीही २०१४ मध्ये आपले मत बदलले. बर्फ व संपूर्ण विश्रांती यांनी बरे होण्यास विलंब लागू शकतो, असे त्यांनी मान्य केले.

या परिवर्तनाला अपवाद आहेत, हे लक्षात ठेवणे आवश्यक आहे. नौकाकार अस्थीच्या श्रमजन्य अस्थिभंगात सहा आठवडे प्लॅस्टर घालून पायावर मुळीच भार न देणे हाच उपचार श्रेयस्कर ठरतो, असे ऑस्ट्रेलियातील अभ्यासाने १९९२ मध्ये दाखविले. कंडरेला भार औषधासारखा लागू पडतो, तर चीर गेलेल्या हाडाला तो घातक ठरतो. म्हणून उपचारापूर्वी नेमके निदान झाले पाहिजे.

स्त्री धावपटू व आहार : धावणाऱ्या स्त्रियांतील अपुरा आहार, मासिक पाळीतील खंड व हाडांचा ठिसूळपणा ही त्रयी १९९२ मध्ये अमेरिकेत निश्चित करण्यात आली. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने ही कल्पना विस्तृत करून पुरुषांनाही लागू केली. सरावात खर्च होणाऱ्या ऊर्जेइतका आहार न मिळाल्यास हाडांची डागडुजी मागे पडते. पावलाचे हाड वारंवार चिरत असल्यास जोड्याआधी ताटाकडे पाहावे, असे यातून निष्पन्न होते. गरिबीतून आलेल्या धावपटूंच्या बाबतीत या निष्कर्षाला विशेष अर्थ आहे.

सांप्रतची पद्धती : घोटा मुरगळल्यास प्रथम हाड मोडले नसल्याची खात्री करतात. कॅनडातील इअन स्टील व सहकारी यांनी १९९२ मध्ये घालून दिलेले ‘ऑटावा नियम’ यासाठी वापरतात. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांची मागील कड वा टोक, पाचव्या प्रपदास्थीचे बूड किंवा नौकाकार अस्थी दाबल्यावर दुखत असेल अथवा चार पावलेही चालता येत नसेल, तरच क्ष-किरण परीक्षा करावी, असे ते सांगतात. हाड शाबूत असल्यास काही दिवस पट्टबंधन वा आधार देऊन सोसेल तेवढे चालणे आणि नंतर तोल सांभाळण्याचे व्यायाम असा क्रम असतो. प्रपदास्थींच्या मधल्या भागातील साधी चीर सहा ते आठ आठवडे धावणे बंद ठेवल्यास बहुधा सांधते. टाचेच्या दुखण्यावर प्रावरणी ताणण्याचे व पोटरीला बळ आणणारे व्यायाम देतात. पोटरीत फटका बसल्यासारखे होऊन चवड्यावर उभे राहता येईनासे झाल्यास कंडरा तुटल्याचा संशय घेऊन त्वरित तज्ञाकडे जाणे इष्ट असते.

प्रतिबंधाबाबत खात्रीचे पुरावे मोजकेच आहेत. नेदर्लंड्समधील ५२२ खेळाडूंच्या चाचणीत (२००९) आठ आठवडे घरी केलेल्या तोलाच्या व्यायामांनी घोटा पुन्हा मुरगळण्याचे प्रमाण सु. ३५ टक्क्यांनी घटले. ब्राझीलमधील ११८ धावपटूंच्या चाचणीत (२०२०) पावलाचे लहान स्नायू बळकट करणाऱ्या व्यायामांचा लाभ दिसून आला. पूर्वीची दुखापत अर्धवट बरी असताना धावू लागणे हा नव्या दुखापतीचा मोठा धोका होय. अंतर, वेग व चढ यांपैकी एका वेळी एकच गोष्ट वाढविणे, पायाला न रुतणारा व सोयीचा जोडा वापरणे, जोडा बदलल्यास त्याची सवय हळूहळू करणे आणि रात्रभरानेही न ओसरणारी वेदना दुर्लक्षू नये, हे नियम अनुभवाने मान्य झालेले आहेत. अनवाणी धावणाऱ्यांनी धनुर्वातप्रतिबंधक लस घेतलेली असावी. मधुमेहात पायाची संवेदना मंदावते, म्हणून अशा धावपटूंनी आपले तळवे रोज तपासावेत.

महाराष्ट्रात २००४ पासून मुंबई मॅराथॉन भरू लागल्यावर धावण्याची हौस शहरी मध्यमवर्गात पसरली. दुसरीकडे, राज्याचे अनेक नामवंत लांब पल्ल्याचे धावपटू दुष्काळी व आदिवासी भागांतून आलेले आहेत. पहिल्या वर्गाला जोड्यांची निवड हा प्रश्न वाटतो. दुसऱ्याला वेळेवर निदान, पुरेसे अन्न व दुखापतीच्या काळात सराव थांबविण्याची सवड हेच प्रश्न आहेत. आल्फ्रेडसन यांच्या व्यायामाला एक पायरी पुरते आणि फ्रीमन यांच्या व्यायामाला एक फळी. दोन शतकांच्या अभ्यासातून हाती आलेले हे सर्वांत परिणामकारक उपाय सर्वांत स्वस्तही आहेत. ते गावच्या मैदानावर शिकविणारा जाणकार मात्र उपलब्ध असला पाहिजे.